बेचाळीस नंबरची खोली

४ जानेवारी

टिटवे,

पाकिटावर माझं अक्षर बघून दचकू नकोस, कोणी गेलेलं नाही. फोनच केला असता, पण फोनवर तू मला एक वाक्य धड पुरं करू देत नाहीस. तुझं नाव टिटवी उगाच नाही पडलं. पत्रात तुला मध्ये तोंड घालता येत नाही, म्हणून हा खटाटोप.

दादाने सांगितलं, तुला नोकरी लागली. आणि कुठे लागली, तर आमचं पाळणाघर ज्या कंपनीने घेतलं तिच्याच मुख्य कार्यालयात! मला आधी खरंच वाटेना. काम काय, तर म्हणे पडद्यासमोर बसून पाळणाघरांच्या खोल्या बघायच्या. मग माझी खोली कोण बघतं ते जरा शोधून काढ, मला त्याला चार शब्द सुनवायचे आहेत.

कंपनी आली त्याला आता वर्ष होईल. जुन्या बाई थकल्या आणि त्यांनी पाळणाघर विकून टाकलं, त्यांना मी दोष देत नाही. पहिल्या महिन्यात भिंतींवर हत्ती आणि ढग आले. दुसऱ्या महिन्यात धाकटी गेली. धाकटी म्हणजे माझ्या जोडीला खोलीत असायची ती मुलगी. तिला काढलं नाही म्हणतात, 'दुसऱ्या केंद्रात सामावून घेतलं' म्हणतात. तिच्या जागी कोपऱ्यात, छताला लागून, कॅमेरा बसवला. केंद्रप्रमुख बाई मला म्हणाल्या, "कॅमेऱ्यामागे मुख्य कार्यालयात माणूस बसलेला असतो. म्हणजे खोलीत तुम्ही दोघं झालात." मी विचारलं, "तो माणूस लंगोट बदलतो का?" त्यांना हसू आलं नाही.

तर आठ बाळं आणि मी. नियम म्हणतो चार बाळांमागे एक बाई. कंपनी म्हणते, दोन जण आहेत की! दारावर पालकांसाठी मोठी पाटी लावली आहे, 'तुमच्या बाळावर सतत नजर'. ही नजर कोणाची ते मला कळव.

तुझी आत्या


१२ जानेवारी

आत्या,

नमस्कार आधीच घे, नंतर मी विसरते.

तू मला सापडलीस! खरंच सापडलीस. तुझी खोली बेचाळीस नंबरची, खालच्या ओळीत उजवीकडून दुसरी, आणि तो पडदा माझ्याकडेच आहे. पहिल्या दिवशी मी पडद्यावर हत्ती आणि ढग बघितले, त्यांच्याखाली एक बाई बाळाला खांद्यावर टाकून पाठ थोपटत होती. ती थोपटायची पद्धत मी कुठेही ओळखीन. मला लहानपणी तसंच थोपटून झोपवायचीस आणि मी झोपले असं समजून बाबांशी माझ्याच तक्रारी करायचीस. वरून तुझा भांग दिसतो गं. रंग लाव जरा.

आता महत्त्वाचं. आपलं नातं इथे कोणाला कळता कामा नये. पडद्यावर बसणाऱ्याने केंद्रातल्या कोणाशी ओळख ठेवायची नाही, असं लिहून घेतलं आहे आमच्याकडून. तुझं आडनाव वेगळं म्हणून निभावलं. आमचे फोन आत जाताना काढून घेतात आणि सुपरवायझर कधीही बघायला मागतात, म्हणून तू पत्रच लिही. तुलाही त्यातच जास्त मजा येते, हे मला ठाऊक आहे.

काम सोपं वाटतं, पण नाही. भिंतभर पडदा, त्यावर साठ चौकटी, प्रत्येक चौकटीत एक खोली. आवाज येत नाही. कुठे काही वावगं दिसलं तर त्या केंद्रात फोन करायचा. संध्याकाळी डोळे मिटले तरी चौकटी दिसतात. पण तू निर्धास्त राहा. तुझ्या खोलीवर मी डोळ्यांत तेल घालून बसले आहे.

तुझी टिटवी


२ फेब्रुवारी

टिटवे,

तुझं पत्र आल्यापासून मी शहाण्यासारखी वागते. जांभई दिली तरी तोंडावर हात ठेवते. परवा कॅमेऱ्याखाली उभी राहून केस विंचरले, म्हटलं बघ बाई, आणि रंग काही लावणार नाही.

पण थट्टा सोड. खरं सांगायचं तर मला फार बरं वाटलं. धाकटी गेल्यापासून मला सारखी धास्ती असायची. एकाला भरवताना पाठीमागे सात जणं काय करताहेत, या विचाराने दर घोटाला मान वळवून बघायचे. आता वाटतं, आपलं माणूस बघतंय. काल शेजारच्या खोलीतली ताई जेवायला गेली तेव्हा केंद्रप्रमुख बाई म्हणाल्या, "मधलं दार उघडं ठेवा आणि दोन्हीकडे बघा." शेजारी चालती-पळती पोरं आहेत, ती एकमेकांच्या उरावर बसतात. पूर्वी मी साफ नाही म्हटलं असतं. पण तू आहेस म्हणून तयार झाले. मी त्या खोलीत जाते तेव्हा तू माझ्या बाळांवर लक्ष ठेवतेस ना? एवढं मला नक्की लिही.

आमच्याकडे एक नवी पाहुणी आली आहे. आम्ही तिला गुंडी म्हणतो, डोळे तसेच गोल आहेत. सात महिन्यांची आहे. तिला पालथं पडता येऊ लागलंय पण परत उताणं होता येत नाही, मग ती नाक गादीत खुपसून रागाने पाय आपटते. मी उताणं केलं की माझ्याकडे असं बघते, जणू काही मीच तिला पालथं पाडलं होतं. तिच्या आईचा सकाळी सोडताना पाय निघत नाही. रोज दारातून एकदा परत येते.

आत्या


२० फेब्रुवारी

आत्या,

नमस्कार. उत्तराला उशीर झाला, रागावू नकोस.

आमच्याकडे मालक येऊन गेले. आजवर त्यांचा फक्त भिंतीवरचा फोटो बघितला होता. प्रत्यक्षात बुटके आहेत आणि फार गोड बोलतात. सगळ्यांशी हात मिळवले. मग माझ्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले, खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून. म्हणाले, "वा, किती छान दिसतंय सगळं." मग सुपरवायझरना म्हणाले, "एका खुर्चीवर आणखी वीस खोल्या बसतील ना?" सुपरवायझर जरा घुटमळले. मालक म्हणाले, "बसवा. ज्या केंद्रांत अजून दोन-दोन बाया आहेत तिथलीही एकेक मग मोकळी करता येईल." आणि माझ्या खांद्यावर थोपटून निघून गेले. दुसऱ्या दिवशी माझ्यासमोर ऐंशी चौकटी होत्या.

आता त्या सगळ्या एकदम मावत नाहीत. आळीपाळीने येतात. सगळ्यात डोकेदुखी एकोणीस नंबरची. तिथे एक अगदी नवखी मुलगी आहे, ती बाळांना कपाटाशेजारी सोडते आणि कपाटाची दारं उघडी. तिच्यापायी मी तीनदा फोन केला. तिचं काही खरं नाही.

गुंडीचं वाचून हसू आलं. तिला माझ्याकडून एक पापा दे. काळजी करू नकोस, सगळं ठीक आहे.

टिटवी


११ मार्च

टिटवी,

गुंडी रुग्णालयात आहे. तिला यंत्रावर ठेवलं आहे. अक्षर लागलं नाही तर परत वाच.

परवा दुपारी सगळी बाळं झोपली होती. शेजारची ताई जेवायला गेली होती. तिकडे एक पोर खुर्चीवरून पडलं आणि त्याच्या ओठातून रक्त येऊ लागलं. मी गेले. जाताना मी कॅमेऱ्याकडे बघितलं. बघितलं, आणि मनात म्हटलं, टिटवी आहे. त्या पोराचा ओठ दाबून धरला, त्याला गप्प केलं, दुसरं एक रडत होतं त्याला उचललं. किती वेळ गेला मला सांगता येत नाही. परत आले तर गुंडी पालथी होती आणि पाय आपटत नव्हती. मी उताणं केलं तर ओठ निळे. तिच्या तोंडात श्वास भरला, छाती दाबली, ओरडले. गाडी आली. तिची आई कामावरून थेट तिकडे आली, तिच्या एका पायात चप्पल नव्हती. तिने मला काही विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

आता मी तुला विचारते. तू बघत होतीस का? बघत होतीस तर फोन का केला नाहीस?

आत्या


१५ मार्च

आत्या,

नव्हते बघत.

चार दिवस दुसरं काहीतरी लिहायचा प्रयत्न करत होते. हेच एक वाक्य पुढे येत होतं, म्हणून तेच आधी लिहिलं.

नुसती त्या दुपारी नव्हे. ऐंशी चौकटी झाल्यापासून मी बेचाळीस नंबर जवळजवळ बघितलाच नाही. आळीपाळी मोडून एखादी चौकट कोपऱ्यात लहान करून ठेवता येते, तशी ती ठेवून दिली होती. कारण तिथे तू होतीस. मला वाटायचं, आत्या असताना तिथे बघायचं काय? सगळं लक्ष त्या एकोणीस नंबरवर. त्या दुपारीही मी तिलाच बघत होते. तू विचारलं होतंस, लक्ष ठेवतेस ना, नक्की लिही. मी वाचलं होतं. नाही म्हटलं असतं तर तुला धीर राहिला नसता, आणि हो म्हणायची हिंमत नव्हती, म्हणून मी मालकांचा खुर्चीवरचा हात वगैरे लिहीत बसले. तू माझ्या भरवशावर खोली सोडलीस आणि मी तुझ्या भरवशावर ती बघायची सोडली.

आता दुसरं ऐक. काल सुपरवायझरनी मला आत बोलावलं. शेजारी कंपनीचे वकील. माझ्याकडून लिहून हवं आहे, की पडद्यावर सतत लक्ष होतं, व्यवस्था चोख होती आणि सेविकेने नियम मोडून खोली सोडली. मी विचार करते म्हणाले. वकील म्हणाले, "विचार करण्यासारखं यात काही नाही."

मी ठरवलं आहे. मी सांगणार, त्या दिवशी तुझ्या खोलीचा कॅमेराच बंद पडला होता. चित्र येत नव्हतं. म्हणजे तुझ्यावरही येणार नाही आणि माझ्यावरही नाही. त्या दिवसाचं चित्रण साठवलेलंच नाही, सगळ्या खोल्यांचं ठेवायला जागा पुरत नाही म्हणून. कोणाला कळणार नाही. तू फक्त म्हण, कॅमेऱ्याचा दिवा लागलेला नव्हता.

टिटवी


१८ मार्च

टिटवी,

तुझं पत्र वाचून मी ते भिंतीवर फेकलं. मग उचललं. मला तुझा राग आला आहे आणि तो मी गिळणार नाही. मी विचारलं होतं, तू सांगायला हवं होतंस. एक ओळ लिहायची होती, 'आत्या, माझ्याच्याने होत नाही.' मी मधलं दार ओढून घेतलं असतं आणि केंद्रप्रमुख बाईंना म्हटलं असतं, काय करायचं ते करा. माझा स्वतःचा राग त्याहून जास्त आहे. पालथं पडणारं बाळ सोडून मी गेले. कोणी बघो न बघो, हात माझे होते.

आता नीट ऐक आणि मध्ये बोलू नकोस. कॅमेरा बंद होता, असं तू म्हणायचं नाहीस. त्याने काय होईल? एका तारवाल्याला धरतील. नवा कॅमेरा बसवतील. मालक गुंडीच्या आईला गुलदस्ता पाठवतील आणि दारावरची पाटी तशीच राहील. तू त्यांना पाहिजे तसं लिहून दिलंस तरी तेच, फक्त तारवाल्याऐवजी मी. दोन्हीकडे तो माणूस हात झटकून मोकळा. त्याच्यापर्यंत पोचायचं तर एकच वाट आहे. मी सांगायचं, मी खोली सोडली. तू सांगायचं, मी बघत नव्हते. आणि मग सांगायचं की एकीला आठ बाळं आणि दुसरीला ऐंशी खोल्या कोणी दिल्या. ते बोलणं तू स्वतःच्या कानांनी ऐकलं आहेस, तो माणूस तुझ्या पाठीमागे उभा होता.

मी खोली सोडली असं कबूल केलं की मला पुन्हा बाळांच्या खोलीत उभं करतील की नाही, माहीत नाही. बहुतेक नाही. मला दुसरं काही येत नाही, हेही तुला माहीत आहे. पण गुंडीच्या अंगावर माझा खोटेपणा मी घालणार नाही.

चौकशी लागली आहे. बालकल्याण खात्याच्या अधिकारी बाई स्वतः ऐकणार आहेत. मालकाच्या वकिलाने आत्ताच कळवलं म्हणे, की मालकाचा या केंद्राशी संबंधच नाही. इमारत एका कंपनीची, आम्हाला नेमणारी दुसरी, पाटी तिसरीची. मग आमच्या भिंतीवर हसरा फोटो कोणाचा लावला आहे, ते मला कोणी सांगेल का?

दादाचा फोन आला होता. म्हणाला, "माझ्या पोरीला यात ओढू नकोस, तिचं आयुष्य आहे." तो चुकीचं बोलला नाही.

आत्या


२ एप्रिल

आत्या,

मी लिहून दिलं नाही म्हणून मला घरी बसवलं आहे. घरात आई बोलत नाही आणि बाबा फार बोलतात. वकिलांचा परवा पुन्हा फोन आला. त्यांना आता आपलं नातं कळलं आहे, कसं ते माहीत नाही. म्हणाले, "आत्या आणि भाची. दोघींनी मिळून काय ठरवलं होतं ते आम्हाला तिथे विचारावं लागेल. तुम्हाला पुन्हा कुठे नोकरी मिळायची असेल तर येऊ नका." बाबा शेजारीच बसले होते, त्यांनी सगळं ऐकलं. तुझ्यासारखी मी नाही गं. मला चारचौघांत बोलायचं म्हटलं की घशाला कोरड पडते, बडबड फक्त घरात.

माझ्याच्याने होणार नाही. मला माफ कर. गुंडीचं काय झालं ते तरी कळव.

टिटवी


५ एप्रिल

टिटवी,

गुंडी यंत्रावरून उतरली. स्वतः श्वास घेते. डावा हात आणि पाय नीट हलत नाहीत, पुढे काय ते डॉक्टरांना आत्ता सांगता येत नाही. हे मला शेजारच्या खोलीतल्या ताईकडून कळलं, मला कोण सांगणार?

सतरा तारखेला चौकशी आहे. मी जाणार. तू ये किंवा येऊ नकोस, मी तुझ्या पाया पडणार नाही आणि तुझ्याशी बोलायचंही सोडणार नाही. मी माझ्यापुरतं सांगेन. त्याने मालकापर्यंत पोचता येणार नाही, तेवढं तुला माहीत असू दे.

आत्या


२० एप्रिल

आत्या,

नमस्कार. आपण दोघी एकाच इमारतीत, आमच्याच मुख्य कार्यालयात होतो आणि एक शब्द बोलता आला नाही. तुझं सांगून झाल्यावर तुला लगेच बाहेर पाठवलं, मला तू जाताना फक्त दिसलीस. तुझ्या गाडीची वेळ झाली होती, हे बाबांनी सांगितलं. हो, बाबा आले होते. गुंडीच्या हातापायाचं तुझं पत्र वाचून मी जाते म्हणाले, तेव्हा अडवायच्याऐवजी तेच बरोबर निघाले. दारात म्हणाले, "घशाला कोरड पडेल, पाणी पिऊन जा."

आत काय झालं ते तुला कळायला हवं, म्हणून सगळं लिहिते.

अधिकारी बाई ठेंगण्या आहेत, चष्मा कपाळावर, आवाज इतका खालचा की पुढे झुकून ऐकावं लागतं. मी बसल्या बसल्या म्हणाले, "बेचाळीस नंबरमधल्या सेविका माझ्या आत्या आहेत." वकिलांनी हीच गोष्ट मला नंतर विचारायची म्हणून राखून ठेवली असणार, त्यांचा चेहरा पडला. तरी ते म्हणाले, "म्हणजे आत्याला वाचवायला आलात." मी म्हटलं, "वाचवायचं असतं तर कॅमेरा बंद होता म्हणाले असते. ते मी म्हणणार होते. आत्यानेच मना केलं." मग सगळं सांगितलं. मी बघत नव्हते, कधीपासून नव्हते आणि का. आवाज कापत होता, पण बंद पडला नाही.

मग मालक म्हणाले की ते केंद्र चालवत नाहीत, माणसं नेमत नाहीत, त्यांनी फक्त पैसा घातला आहे. बाया किती ठेवायच्या हे केंद्रप्रमुख ठरवतात, खोल्या कशा वाटायच्या हे सुपरवायझर. सुपरवायझर तिथेच होते, त्यांनी मान खाली घातली. मी खुर्चीमागचं बोलणं सांगितलं तेव्हा मालक हसून म्हणाले, "मी सहज विचारलं असेन. ही मुलगी घाबरलेली आहे."

बाईंनी काही लिहून घेतलं आणि म्हणाल्या, "चला, पडदे बघू या." सगळे आमच्या खोलीत गेलो. माझ्या खुर्चीवर त्यांनी मालकांना बसवलं. मला शेजारी उभं केलं. म्हणाल्या, "दोघांनी बघा. काही वावगं दिसलं की सांगा." चौकटी येत होत्या, जात होत्या. कुठे बाळं झोपलेली, कुठे खेळत होती, कुठे कोणी भरवत होतं. मालक सुरुवातीला पुढे सरसावून बघत होते, मग मागे टेकले. मी अंगातली सगळी शक्ती डोळ्यांत आणून बघत होते.

थोड्या वेळाने बाई म्हणाल्या, "एका खोलीतली सेविका बाहेर निघून गेली आहे. बाळं एकटी आहेत. कुठली खोली?"

आत्या, मला दिसलं नव्हतं. मी सराईत, मला माहीत होतं की काहीतरी होणार आहे, आणि तरी मला दिसलं नव्हतं. मालकांनी घाईने एका चौकटीवर बोट ठेवलं. तिथे सेविका कपाटाआड वाकलेली होती. "नाही," बाई म्हणाल्या, "एकाहत्तर." त्या खोलीच्या दाराबाहेर त्यांनी स्वतःची सहायक उभी केली होती, बाळांना काही धोका नव्हता. तरी मी रडायला लागले.

मालक चिडले. म्हणाले, "हे मला दिसण्याचा प्रश्नच नाही, हे या मुलीचं काम आहे. तिला दिसायला हवं होतं."

बाईंनी विचारलं, "तिलाही दिसलं नाही. तिच्यासमोर ऐंशी ठेवायच्या हे कोणाचं?"

"सुपरवायझर ठरवतात."

बाईंनी सुपरवायझरांकडे बघितलं. त्यांचा घाम निथळत होता. आत्या, ते काही शूर माणूस नाहीत, आम्हाला नेहमी दटावायचे. पण ते म्हणाले, "मी साठच्या वर घेत नव्हतो. मला बसवा म्हणून सांगितलं."

"कोणी?"

पडद्यावर चौकटी बदलत होत्या. बाई थांबल्या, त्यांना काही घाई नव्हती. वकिलांनी मालकांच्या कानाशी वाकून काहीतरी सांगितलं, मालकांनी त्यांना हाताने बाजूला सारलं. रागाचा भर असेल, किंवा त्या खुर्चीवर बसून तेही घाबरले असतील.

"मी," ते म्हणाले. "मी सांगितलं. हा माझा धंदा आहे, मी नाही सांगणार तर कोण सांगणार?"

बाईंनी चष्मा डोळ्यांवर घेतला आणि ते वाक्य जसंच्या तसं लिहून घेतलं.

आत्या, तुझा राग अजून आहे का? असला तरी असू दे. मला फक्त पत्र लिही.

टिटवी


९ जून

टिटवे,

राग आहे, पण पहिल्यासारखा नाही. आता तो बसला की उठायला वेळ घेतो, माझ्यासारखाच.

निकाल आला. दादाने तुला सांगितला असेलच, तरी मी लिहिते, मला लिहिल्याशिवाय खरं वाटत नाही. गुंडीला जे झालं त्याला मालक स्वतः जबाबदार, त्यांच्या तीन कंपन्यांपैकी एखादी नव्हे. तिच्या उपचारांचा भार त्यांनी उचलायचा. कॅमेरा माणूस म्हणून धरायचा नाही, कुठल्याच केंद्रात. प्रत्येक खोलीत नियमाप्रमाणे बाया दिसल्याशिवाय ती खोली उघडायची नाही, आणि ते बघायला खात्याची माणसं न सांगता येणार. तुझ्यावर काही ठेवलेलं नाही. एवढ्या खोल्या एका माणसाला बघता येत नाहीत, असं बाईंनी लिहिलं आहे, आणि ते आपल्या डोळ्यांनी पाहिलं असंही लिहिलं आहे.

मला दोन वर्षं बाळांच्या खोलीत काम करता येणार नाही. मी ते वाचून रडले नाही, असं सगळ्यांना सांगते. तुला खरं सांगते, खूप रडले. सकाळी उठते आणि जायला कुठे नाही. पण निकाल चुकीचा आहे असं मी म्हणणार नाही.

आमच्या जुन्या खोलीत धाकटी परत आली आहे. तिच्याबरोबर आणखी एक.

काल मी गुंडीच्या घरी गेले. सगळे नको म्हणत होते. हातात काही नेलं नाही, काय नेणार? आईने दार उघडलं. गुंडी तिच्या कडेवर होती. डावी मूठ मिटलेली, ती उघडत नाही. माझ्याकडे बघत होती, तसेच गोल डोळे. ओळखलं नाही तिने, आणि मला तेच बरं वाटलं.

मी म्हणाले, "माझी चूक झाली. मी खोली सोडायला नको होती." यापलीकडे माझ्याकडे काही नव्हतं. तिने आत या म्हटलं नाही, जा असंही म्हटलं नाही. गुंडीला दुसऱ्या कडेवर घेतलं.

मग तिने विचारलं, "आता त्या खोलीत किती जणी असतात?"

मी म्हणाले, "दोघी."

तिने आवाज चढवला नाही, डोळ्यांत पाणी नव्हतं.

"मग तेव्हा का नव्हत्या?" ती म्हणाली, आणि दार लावून घेतलं.

आत्या